‘मग जमा असं का लिवत न्हाईत?’

2024 च्या ऑगस्टमधली गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम खात्यावर आले होते आणि कोल्हापुरात गंगावेशीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत बँकांच्या दारात बायकांच्या रांगा लागल्या होत्या. मी इथल्या एका छोट्या पतसंस्थेत 22 वर्षं काउंटरवर बसते. आमच्याकडं पिग्मी भरणाऱ्या एक मावशी त्या दिवशी भाजीची पाटी बाहेर ठेवून तशाच आत आल्या. हात ओले, मेथीचा वास, रुमालात गुंडाळलेला मोबाइल. तो माझ्यापुढं धरून म्हणाल्या, ‘‘बघ की गं पोरी, माझ्या नावावर कुणीतरी कर्ज टाकलंय. तीन हजाराचं. मी कुठं सही केली न्हाई, अंगठा दिला न्हाई.’’

मेसेज त्यांच्या बँकेचा होता, इंग्रजीत. नातवानं त्यातला एक शब्द वाचून दाखवला होता: क्रेडिट. तो शब्द मावशींच्या ओळखीचा होता. त्यांच्या गल्लीतल्या एका पोरानं क्रेडिट कार्ड घेतलं होतं आणि पुढं वसुलीची माणसं त्याच्या आईच्या दारात येऊन बसली होती. तेव्हा क्रेडिट म्हणजे कर्ज, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

‘‘मावशी, कर्ज नाही. पैसे जमा झालेत तुमच्या खात्यावर.’’

त्यांनी मोबाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘‘मग जमा असं का लिवत न्हाईत?’’

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. मावशी अडाणी म्हणून हा घोळ झाला असं कुणाला वाटत असेल तर ते मला मान्य नाही. घोळ त्या शब्दातच आहे. बँकेत पैसे भरले की क्रेडिट, आणि बँकेचे पैसे खर्च केले तरी क्रेडिट. एकदा पैसा घरात येतो, एकदा डोक्यावर कर्ज होतं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा इथं अडखळतात.

वही कुणाची हे कळलं की गुंता सुटतो. पासबुक आपल्या कपाटात असलं तरी ती बँकेच्या वहीतल्या आपल्या पानाची नक्कल असते. त्या पानावर बँक लिहिते, या बाईंनी माझ्यावर विश्वास टाकून तीन हजार माझ्याकडं ठेवलेत, ते मी त्यांना देणं लागते. म्हणून ते क्रेडिट. क्रेडिट कार्डात बाजू फिरते. तिथं बँक आपल्यावर विश्वास टाकून पैसे पुढं करते आणि देणं आपण लागतो. शब्द तोच राहतो, विश्वास टाकणारा बदलतो.

विश्वास हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, फ्रेंचांनी इटालियन ‘क्रेदितो’वरून घेतला, आणि सगळ्यांच्या मागं लॅटिन ‘क्रेदेरे’ आहे. क्रेदेरे म्हणजे विश्वास ठेवणं, भरवशावर सोपवणं. ‘क्रेदितुम’ म्हणजे भरवशावर दुसऱ्याच्या हाती दिलेला पैसा. त्याचा जोडीदार डेबिट हा ‘देबितुम’वरून आला, म्हणजे देणं. दुहेरी नोंदीची हिशेबाची रीत इटलीतल्या व्यापाऱ्यांनी बसवली आणि लुका पाचोलीनं 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडली. आजही प्रत्येक बँकेचं खातं तीच रीत पाळतं.

याहून जवळची गोष्ट पुढं आहे. लॅटिन क्रेदेरे आणि आपला श्रद्धा हा शब्द, दोन्हींचं मूळ भाषेचे अभ्यासक एकच मानतात. श्रत् अधिक धा. धा म्हणजे ठेवणं. श्रत् चं नातं बरेच जण हृदयाशी जोडतात, म्हणजे ज्यावर काळीज ठेवावं ती श्रद्धा. बँकेतल्या पैशाला आपण ‘ठेव’ म्हणतो आणि श्रद्धाही ‘ठेवतो’. ज्या शब्दानं मावशींचा जीव घाबरा झाला, तो त्यांच्या देवघरातल्या शब्दाच्या भावकीतला निघाला. हे मला कळलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. विश्वासासाठी घडलेला शब्द आपल्या गावात येईपर्यंत भीतीचा शब्द कसा झाला?

या शब्दाला मराठीत जोड नाही असंही नाही. ‘पत’ आहे. पत असते, राखावी लागते आणि एकदा गेली की परत येत नाही. एखाद्याची बाजारात पत आहे म्हणताना त्याच्याकडं पैसा किती हे आपण सांगतच नसतो, तो शब्दाला जागतो एवढंच सांगत असतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली. तिथल्या गुळाच्या बाजारात शेतकरी अडत्याकडून हंगामाआधी उचल घ्यायचा तो याच ‘पत’वर. उचल हा तर आमचा जिव्हाळ्याचा शब्द. उसाची पहिली उचल, म्हणजे कारखान्याचा पहिला हप्ता, किती, यावर इथं रस्ते अडतात. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा हे सगळे शब्द या एका अक्षरजोडीतून निघालेत.

पैशाचे आपले जुने शब्द नीट पाहिले तर त्यांत माणसांच्या अनुभवाचा पुरावा सापडतो. सावकार हा शब्द साधूवरून आला. साधू, साहू, साव. चोर आणि साव म्हणतो तो साव. म्हणजे सावकार हा मुळात प्रामाणिक माणूस. आज त्या शब्दाला काय वास येतो ते सांगायला नको. व्याजाची कथा याहून बोलकी आहे. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. शाळेत व्याजस्तुती शिकलो ती हीच, वरून स्तुती आणि आतून निंदा. ‘निर्व्याज प्रेम’ म्हणतो तेव्हा बिनव्याजी प्रेम म्हणायचं नसतं, निष्कपट प्रेम म्हणायचं असतं. ज्या शब्दाचा अर्थ कपट, तोच शब्द मराठी माणसानं कर्जावरच्या वाढीसाठी वापरला, आणि तो इतका पक्का बसला की मूळ अर्थ ‘व्याजस्तुती’, ‘निर्व्याज’ अशा मोजक्या शब्दांतच उरला.

हे कपट पुष्कळदा कागदावरच घडत असे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दंग्याचं लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे आणि वह्या हुडकून काढून जाळल्या. ज्यावर आपला अंगठा आहे पण ज्यातलं अक्षर आपल्याला लागत नाही, असा तो कागद. पुढं 1879 मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट झाला. त्या कायद्यानं शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावनिबंधकासमोर लिहिला जावा असं ठरवलं आणि कर्जदाराला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही एवढं उमगलं होतं की घेणाऱ्याला न समजणारा कागद भांडणाचं मूळ असतो.

1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याच्या इंग्रजी नावातच क्रेडिट होतं. त्यामागची कल्पना जर्मनीतल्या रायफायझन या सहकाराच्या प्रवर्तकानं काढलेल्या खेड्यातल्या संस्थांची. एका गावातले, एकमेकांना ओळखणारे लोक एकमेकांसाठी जबाबदार राहतात, आणि ती ओळख हेच तारण. आमच्या जिल्ह्यात ती कल्पना इतकी रुजली की ‘सोसायटी’ म्हटलं की कोल्हापूरच्या खेड्यात घरांची सोसायटी कुणाच्या मनात येत नाही, विकास सेवा सोसायटीच येते. तिथलं पीक कर्ज, उसाच्या बिलातून होणारी कपात, वर्षाच्या शेवटी नवं-जुनं करण्याची धावपळ, हे सगळं घराघरांत बोललं जातं. आणि मराठीत बोललं जातं.

आता या ‘पत’च्या जागी एक आकडा आलाय. 300 पासून 900 पर्यंत. सिबिल हे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव, पण लोकांनी त्याचा शब्द करून टाकला. पूर्वी पत जायची, आता ‘सिबिल खराब होतं’. या आकड्यावर सरसकट दगड मारायची माझी इच्छा नाही, कारण जुन्या ‘पत’चं मी नुसतं गुणगान करणार नाही. गावातली पत सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. ती जातीवर, घराण्यावर, पंचांच्या ओळखीवर मिळत होती. बाईला तर नवऱ्याच्या नावावाचून नव्हतीच. आकड्याला जात कळत नाही, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

पत म्हणजे काय हे ज्या गावानं एका चहाच्या कपात बघितलं ते हे गाव. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. दलित म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी चहाचं दुकान काढलं. भांडवल मिळालं, पण भांडवलानं गिऱ्हाईक येत नव्हतं. मग महाराज तिथं गाडी थांबवून सगळ्यांसमोर चहा मागवायचे, प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. पैसा महाराजांनी आधीच दिला होता. चहा पिऊन त्यांनी दिली ती पत. क्रेडिट या शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला तर मी हा प्रसंग सांगते.

आकड्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. बिल लांबलं की शेतकऱ्याचा हप्ता लांबतो, आणि डाग शेतकऱ्याच्या नोंदीवर पडतो. उशीर कुणामुळं झाला, हे त्या पानावर लिहायला जागाच नाही. पीक कर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं, यावरूनच ती अट किती घट्ट बसली आहे ते कळतं. शिवाय ज्याच्याबद्दल ती नोंद आहे त्याला ती वाचता येत नाही. वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो, चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आमच्या काउंटरवर येणाऱ्या शंभरातल्या एकालाही ते ठाऊक असल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझ्या चुलतभावाचं उदाहरण देते. शेती दोन एकर, दोन म्हशी. त्यानं मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर सही केली. चाळीसेक पानांचा इंग्रजी कागद, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीच्या फुल्या. ‘गॅरंटर’ म्हणजे साक्षीदार, असं त्याला सांगितलं गेलं. दोन वर्षांनी मित्राचे हप्ते थकले. आणखी वर्षानं भावानं मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं तेव्हा कळलं की त्याच्या नावावरही थकबाकीची नोंद आहे. त्या कागदावर ‘जामीनदार’ एवढा एकच शब्द मराठीत असता तर भावानं पेन उचललं नसतं. जामीन राहणं म्हणजे काय हे आमच्या खेड्यात शेंबड्या पोराला कळतं.

दुसरं उदाहरण फ्लॅट या शब्दाचं. ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’ अशी जाहिरात असते. लाख रुपये घेतले, दोन वर्षं. बारा टक्क्यांनी 24,000 व्याज, एकूण 1,24,000, म्हणजे महिन्याला साधारण 5,167 रुपये हप्ता. ऐकायला सरळ वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. उरलेल्या रकमेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. ‘फेडलेल्या पैशावरही व्याज’ असं मराठीत लिहिलं असतं तर कोण फसलं असतं?

लोकांना आता लोन, ईएमआय, क्रेडिट हे शब्द सवयीचे झालेत, मग मराठीचा आग्रह कशाला, असं मला विचारलं जातं. शब्द तोंडात बसणं आणि अर्थ हातात येणं यात फरक आहे. ईएमआय सगळे म्हणतात. त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती हे विचारा, मग बघा. कायद्याचा नेमकेपणा इंग्रजीतच राहतो, हेही म्हणणं मी ऐकून आहे. पण सात-बारा, फेरफार, गहाणखत, वारसनोंद हे सगळं मराठीत चालतं आणि त्यावर कोर्टात दावे लढवले जातात. जमिनीला मराठी पुरते आणि तिच्यावरच्या बोज्याला पुरत नाही, हे पटण्यासारखं नाही.

आपलीही एक चूक मी मान्य करते. मराठी करायचं म्हणून ऋणको, धनको, नजरगहाण असे शब्द कागदावर घातले जातात. माझ्या काउंटरवर 22 वर्षांत एकाही माणसानं स्वतःला ऋणको म्हटलेलं नाही. कर्ज घेणारा, जामीनदार, हप्ता, थकबाकी, तारण, जमा, नावे, बाकी. यातले कर्ज, जामीन, जमा, बाकी हे अरबीतून आले, म्हणून ते कमी मराठी होत नाहीत. माणसं ज्या शब्दात भांडतात त्या शब्दात कागद हवा.

नियम याच बाजूला आहे. 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या मुख्य अटींचा एक तक्ता देणं सक्तीचं केलं, त्याला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तींना आणि छोट्या-मध्यम उद्योगांना दिलेल्या नव्या मुदत कर्जांना तो लागू आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, कोणकोणते आकार, तक्रार कुणाकडं, हे त्यात लिहायचं. तो कर्जदाराला कळेल त्या भाषेत असला पाहिजे आणि समजावून सांगितला पाहिजे. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. क्रेडिट कार्डाला मात्र यातून सूट आहे, आणि ती मला खटकते. ज्याच्या नावातच हा शब्द आहे त्यालाच हा तक्ता लागू नाही.

आमच्यासारख्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकात येत नाहीत. आम्ही सहकार खात्याच्या अखत्यारीत. म्हणून सक्ती नाही, पण माझं म्हणणं आहे की पहिलं पाऊल आम्हीच टाकायला हवं. आमच्या पाटीवर पत हा शब्द आहे. आमच्याकडं येणारा माणूस मराठी बोलतो, संचालक मराठी बोलतात, सभा मराठीत होते, आणि मेसेज, करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी मात्र इंग्रजीत, कारण सॉफ्टवेअर तसं आलं. सॉफ्टवेअर बदलून घेता येतं. जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून मागणी केली तर ते अवघड नाही. संचालक मंडळापुढं मी हे दोनदा लेखी मांडलंय आणि तिसऱ्यांदा मांडणार आहे.

चुलतभाऊ गेल्या वर्षी तिसऱ्या म्हशीच्या कर्जासाठी एका बँकेत गेला, तेव्हा मी बरोबर होते. त्यानं तो तक्ता मराठीत मागितला. समोरचे साहेब म्हणाले, ‘‘काका, वाचत बसणार काय? सगळ्यांनी सह्या केल्यात.’’ भाऊ म्हणाला, ‘‘मागं न वाचता केली हुती साहेब. आता वाचल्याबिगर न्हाई.’’ अर्ध्या तासानं कागद आला. बाकावर बसून, ओळीवर बोट ठेवून त्यानं एकेक ओळ वाचली. मध्येच थांबला, उठला, काउंटरवर कागद ठेवला आणि बोट तसंच त्या ओळीवर धरून म्हणाला, ‘‘ह्यो विमा मी मागितला न्हाई. ह्याचं पैसं काढा.’’

ती ओळ निघाली. दुसरा कागद छापून आला. त्यानं तोही पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.